दोघांसाठी वेगळं क्रियापद



अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा, सरकारपुढे चार मागण्या ठेवाव्यात आणि टाळ्या घेऊन खुर्चीत बसावं, असा आपला प्रघात. मागण्या ठरावांत आल्याच आहेत. माझा वेळ मी एका परक्या भाषेवर खर्च करतो.

भाषेचं नाव उत्तर माओ. पश्चिम इथिओपियात, बेनिशांगुल-गुमुझ प्रदेशातल्या बांबासीच्या आसपास ती बोलली जाते. बोलणारे पाच हजारांहून कमी. मायकेल आहलंड यांनी तिचं सविस्तर व्याकरण लिहून २०१२ मध्ये ओरेगॉन विद्यापीठाला प्रबंध म्हणून सादर केलं. घराणं ओमोटिक. हॅरॉल्ड फ्लेमिंग यांनी १९६९ मध्ये ते कुशिटिकपासून वेगळं काढलं. नाव ओमो नदीवरून पडलं. ती नदी बांबासीपासून पुष्कळच लांब, पण घराण्यांची नावं अशीच पडतात! हे घराणं आफ्रो-आशियाई कुळातलं की नाही, हा वाद मी आज उकरत नाही.

या भाषेत सुराने अर्थ बदलतो. वरचा, मधला, खालचा अशा तीन पट्ट्या आहेत. एकटं उच्चारलेलं नाम सुरांच्या नऊ चालींपैकी एका चालीवर येतं. पण तेच नाम कुणाच्या मालकीचं झालं किंवा त्याला विशेषण लागलं, की नवांच्या दोनच चाली उरतात. आपल्याकडे ‘घोड्याचं खोगीर’ म्हणताना घोडा बदलतो, खोगीर जसंच्या तसं राहतं. सामान्यरूप मालकाला घ्यावं लागतं. माओत उलट: बदलायचं ते खोगिराने. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

क्रियापदाची मुख्य फाळणी काळाची नाही. घडलेलं, घडत असलेलं एका बाजूला. न घडलेलं, घडायचं असलेलं दुसऱ्या बाजूला. पहिल्यात कर्त्याची खूण धातूच्या आधी लागते, दुसऱ्यात नंतर.

आणि द्विवचन. सर्वनामांत आहे, क्रियापदाच्या खुणांतही आहे. संस्कृतातलं द्विवचन प्राकृतांनी सोडलं. आपल्या हाती ‘दोघे’, ‘दोघी’, ‘दोन्ही’ एवढंच राहिलं, तेही वाटलं तर वापरायचं. माओ बोलणाऱ्याला मात्र ‘आले’ एवढं म्हणून सुटता येत नाही. दोघं आले की अधिक, हे ठरवूनच तोंड उघडावं लागतं.

या लोकांत ओरोमो भाषेचा वावर मोठा आहे, आणि ओरोमोत द्विवचन नाही. देशातल्या अम्हारिक भाषेतही नाही. घरात माओऐवजी ओरोमो बोलणाऱ्या मुलाचा एकही विचार अडत नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावं. ‘दोघे’ त्यालाही म्हणता येतं. फक्त म्हणण्याची सक्ती संपते. आपण मरणाऱ्या भाषांचे शब्दसंग्रह करतो, म्हणी गोळा करतो. ही सक्ती त्या वह्यांत उतरत नाही. तिच्यासाठी दोन माणसांबद्दल बोलणाऱ्या माणसापाशी, वाक्यं मोजत, बसावं लागतं.

त्यासाठी इथिओपियाचं तिकीट काढायला नको. मेळघाटातल्या कोरकू भाषेत द्विवचन आजही नांदतं आहे. दुपारच्या सत्रातला पहिला निबंध त्यावरच आहे आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याला दहा मिनिटं दिली आहेत. अध्यक्षाच्या अधिकारात मी ती वीस करतो.