अक्षरं फायलीसोबत जावीत म्हणून

श्रीरामपूरच्या एखाद्या टायपिंग सेंटरमध्ये मराठी अर्ज छान टाइप होतो. पण तोच मोबाइलवर उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची सरमिसळ दिसते. असं का होतं?

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्राला मूळ इंग्रजी चिन्हंच दिसतात. १९९१ साली आलेल्या युनिकोडने देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले. त्यामुळे युनिकोडमधला मजकूर वर्ड, लिबरऑफिस, गुगल डॉक्स, सगळीकडे वाचता येतो.

तरीही मांडणी हलू शकते. फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, तक्ता पुढच्या पानावर जातो. म्हणून तीन सवयी लावा. टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्या. अर्ज अंतिम झाला की पीडीएफ पाठवा, दुरुस्तीसाठी मूळ फाइल जपा. जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदललात, तर जोडाक्षरं, रफार आणि आकडे डोळ्यांखालून घाला. सातबाऱ्यासोबतच्या अर्जात गट क्रमांकाचा एक आकडा चुकला, तरी शेतकऱ्याला हेलपाटा पडतो. आपली मराठी प्रत्येक यंत्रावर नीट वाचली जावी, एवढी काळजी आपण घेऊच शकतो.