पेटी, खाँसाहेब आणि झाडीपट्टीचा रंगमंच

पाश्चात्त्य आणि मुस्लिम या दोन संस्कृती परस्परांसमोर उभ्या ठाकल्या आहेत आणि त्यांच्यात सांधा जुळवणे हे काळाचे मोठे काम आहे, असे गेली तीन दशके जगभर बोलले जात आहे. सॅम्युएल हंटिंग्टन या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९९३ च्या लेखात आणि १९९६ च्या ग्रंथात शीतयुद्धानंतरचे संघर्ष संस्कृतींच्या सीमांवर पेटतील अशी मांडणी केली. पुढे इराणचे तत्कालीन अध्यक्ष मोहम्मद खातमी यांच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २००१ हे वर्ष संस्कृतींमधील संवादाचे वर्ष म्हणून पाळले, तर १९९९ मध्येच जर्मनीतील वायमार येथे पियानोवादक डॅनियल बॅरनबॉइम आणि पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांनी अरब व इस्रायली तरुण वादकांचा वाद्यवृंद उभा केला होता. फारसी कवी हाफिजच्या वाचनातून स्फुरलेला जो काव्यसंग्रह जर्मन कवी गटेने १८१९ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचेच नाव या वाद्यवृंदाला देण्यात आले. हे सारे प्रयत्न आदरास पात्र आहेत. परंतु राजधान्यांतील परिषदांमध्ये दोन्ही पक्ष आपापली ओळख आधीच पक्की करून येतात आणि कला तेथे बहुधा सद्भावनेची साक्ष म्हणून शेवटच्या संध्याकाळी सादर होते. मराठी प्रदेशात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे घडले त्याची रीत वेगळी होती. तेथे युरोपातून आलेले वाद्य, उत्तरेतून आलेल्या मुसलमान उस्तादांची गायकी आणि मराठी प्रेक्षक हे तिघे एका कामापुरते एकत्र आले, ते काम तडीस नेण्यासाठी त्यांना एकमेकांची गरज भासली आणि झालेल्या कामाचा निवाडा समोर बसलेल्या श्रोत्याने केला.

या भेटीचा पूर्वेतिहास निर्मळ नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १५१० मध्ये अफोंसो द आल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला तेव्हा शहरातील मुसलमानांची कत्तल झाली. कोकण किनाऱ्यावर पश्चिम आणि इस्लाम यांच्या सहवासाचा आरंभ असा रक्तात झाला. त्यानंतर सत्तर वर्षांनी, १५८० मध्ये, त्याच गोव्यातून रुडॉल्फ अक्वाविव्हा आणि त्याचे जेझुइट सहकारी, म्हणजे येशूसंघाचे धर्मोपदेशक, अकबराच्या निमंत्रणावरून फत्तेपूर सिक्रीला गेले आणि तेथील इबादतखान्यात, म्हणजे बादशहाने धर्मचर्चेसाठी उभारलेल्या सभागृहात, उलेमांशी, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांशी, वाद करू लागले. त्या वादांतून कोणाचेही मत बदलले नाही, मात्र पाद्र्यांनी सोबत नेलेली युरोपीय चित्रे आणि कोरीव छापे यांचा मुघल चितारांनी बारकाईने अभ्यास केला आणि छायाप्रकाश व दूरदृश्याची युरोपीय पद्धत आपल्या लघुचित्रांत स्वतःच्या हिशेबाने उतरवली. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी कॉर्नेलिस हेडा हा डच चित्रकार होता, ही घटनाही त्याच जातीची आहे. दरबारी वादात जे साधले नाही ते चितारांच्या कारखान्यात साधले. परंतु तो कारखाना राजाश्रयाचा होता, सामान्य माणसाला तेथे प्रवेश नव्हता, आणि म्हणून त्याला सार्वजनिक संवाद म्हणता येत नाही.

सामान्य श्रोता या गोष्टीत शिरतो तो गोव्यातील साष्टीमध्ये. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जुनी पुराणे वाचायला बंदी केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे काय देता, असा प्रश्न एका श्रोत्याने विचारला, त्याला उत्तर म्हणून हा ग्रंथ उभा राहतो अशी त्याची मांडणी आहे; आणि हा प्रश्न ज्या सत्तेच्या छायेत विचारला गेला तिने देवळे पाडली होती, हेही वाचकाने विसरू नये. त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मुसलमान संतकवी ओवीतच ‘योगसंग्राम’ रचत होते. एकाच छंदात लिहिणाऱ्या या दोघांची गाठ पडल्याचा पुरावा नाही. ती पडली ती विसाव्या शतकात, डॉ. यू. म. पठाण यांच्या अभ्यासिकेत, कारण सूफी संतांचे मराठी साहित्य आणि ‘ख्रिस्तपुराण’ हे दोन्ही विषय त्यांनी आपल्या संशोधनाचे मानले. एका मुसलमान पंडिताने इंग्रज पाद्र्याच्या मराठीचा भाषिक अभ्यास करावा, ही गोष्ट मराठी विद्येला भूषणावह आहे आणि तिचा उल्लेख होतो त्याहून पुष्कळ अधिक व्हायला हवा.

तथापि या विषयाचे सर्वांत सकस उदाहरण साहित्यापेक्षा संगीतात सापडते आणि त्याचे केंद्र सांगली-मिरज हे आहे. हार्मोनियम, म्हणजे मराठी घरातील पेटी, हे मूळचे फ्रेंच वाद्य. अलेक्सांद्र दबें याने १८४२ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले आणि पुढे ते युरोपीय लोकांबरोबर हिंदुस्थानात आले. भाता हलवताच स्वर निघतो, तो सतारीसारखा पुन्हापुन्हा मिळवावा लागत नाही आणि गायकाला भक्कम आधार देतो, या सोयीमुळे पेटी लवकरच भजनी मंडळांपासून नाटक कंपन्यांपर्यंत सर्वत्र पोहोचली. अडचण स्वरांची होती. युरोपीय पट्टीत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाचे मोजमापासाठी शंभर सूक्ष्म अंश कल्पिलेले असतात, ज्यांना सेंट म्हणतात. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, तर पेटीचा गंधार ४०० सेंटवर. हा चौदा सेंटांचा फरक तयार कानाला खटकतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीच्या पट्ट्यांवर वाजतच नाही.

या अडचणीवर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल या सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी, मुंबई इलाख्यातील अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज आय.सी.एस. अधिकाऱ्याने आणि किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मिळून काम केले. बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातील परंपरेने मानलेली सूक्ष्म स्वरस्थाने, मोजून ती पेटीवर बसवावीत असा हेतू होता. देवलांनी गणित मांडले, क्लेमंट्सने पाश्चात्त्य स्वरशास्त्राच्या आधारे वाद्याची रचना व ग्रंथलेखन केले आणि खाँसाहेबांनी या प्रयोगांना आपला गळा दिला. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही श्रुतिपेटी जाणकारांपुढे कसोटीला लागली आणि जमलेल्या गायकांचे समाधान करू शकली नाही. या प्रसंगाला अपयश म्हणण्याची प्रथा आहे, पण ती योग्य वाटत नाही. इंग्रज अधिकारी, ब्राह्मण संशोधक आणि मुसलमान गवई यांनी एक दावा जाहीरपणे मांडावा, तो भरसभेत ऐकून तपासला जावा आणि निकाल कोणाच्या धर्मावर किंवा हुद्द्यावर न ठरता कानावर ठरावा, यापेक्षा चांगला संवाद राजकीय परिषदांत क्वचितच झाला असेल.

अर्थात तिघे समान पायरीवर उभे नव्हते. क्लेमंट्स राज्यकर्त्यांपैकी होता. त्या काळी अनेक उस्तादांचा चरितार्थ संस्थानिकांच्या मर्जीवर असे. आणि पुढे संगीताच्या शाळा निघाल्या, स्वरलिपीची पुस्तके छापली गेली, तेव्हा ज्यांच्या गळ्यातून ती विद्या आली त्या खाँसाहेबांना अशिक्षित किंवा लपवाछपवी करणारे ठरवण्याची वृत्तीही बळावली. ही कृतघ्नता होती आणि तिची भरपाई अजून झालेली नाही.

पेटीचा खरा निवाडा रंगभूमीवर झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगमंचावर आले तेव्हा पडदे, नेपथ्य आणि चौकटीचा रंगमंच ही युरोपीय सामग्री पारशी नाटक मंडळ्यांच्या वाटेने मराठीत रुळू लागली होती. पुढच्या पिढीत भास्करबुवा बखले यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडून मिळवलेली विद्या बालगंधर्वांच्या पदांत ओतली; १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असत, आणि त्यांच्या जोडीला ऑर्गन, म्हणजे पायाने भाता चालवायचे पाश्चात्त्य वाद्य, वाजत असे. पेटीला जे जमत नव्हते ते सारंगी भरून काढी आणि सारंगीला जो भरदार पाया देता येत नव्हता तो ऑर्गन देई. प्रेक्षक ‘वन्समोअर’ देऊन किंवा न देऊन आपले मत तेथल्या तेथे कळवीत. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारासह अनेकांच्या आक्षेपांनंतर पेटीला आपल्या कार्यक्रमांतून वगळले, आणि ती बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. नाटकाच्या श्रोत्याने मात्र ती कधीच मानली नाही.

हा नाटकाचा श्रोता आजही जेथे टिकून आहे त्या भंडारा जिल्ह्याचा संबंध येथे येतो. पुण्या-मुंबईत संगीत नाटक हा जयंती-पुण्यतिथीचा विषय झाला, पण वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टी म्हणवणाऱ्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, हंगामापर्यंत झाडीपट्टीची नाटके आजही रात्रभर चालतात आणि त्यांत ऑर्गन-तबल्याची साथ प्रत्यक्ष वाजते. त्याच मंडईत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्येही असतात, जेथे शाहिराला त्याचा जोडीदार भर खेळात प्रश्न विचारून अडवतो आणि प्रेक्षकांतून आलेल्या शब्दालाही उत्तर द्यावे लागते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या लोकरंगभूमीचा जो अभ्यास केला आहे त्यामुळे तिच्या रचनेकडे गांभीर्याने पाहणे शक्य झाले. दोन संस्कृतींत पूल बांधण्यासाठी इतरत्र जे साहित्य जमवावे लागते ते येथे गावोगाव तयार आहे.

अशा विषयावर चर्चा घडवायचे रूढ साधन म्हणजे व्याख्यानमाला, आणि ही संस्था स्वतःही पश्चिमेकडून आलेली आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ पासून रुजलेल्या वसंत व्याख्यानमालेमागे इंग्रजी सभापद्धतीचा नमुना होता. पण बहुतेक ठिकाणी वक्ता बोलतो, अध्यक्ष समारोप करतात आणि श्रोता उठून घरी जातो. ‘ख्रिस्तपुराणा’त तो प्रश्न करणारा श्रोता नसता तर पुस्तकच उभे राहिले नसते, हे अशा वेळी ध्यानात यावे. म्हणून भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आणि नाट्यमंडळांनी एका मंडईच्या हंगामात एवढे करावे: झाडीपट्टीचा ऑर्गनवादक आणि ख्याल गाणारा एखादा गवई यांना एका मंचावर बसवावे, तंबोऱ्याचा गंधार आणि ऑर्गनचा गंधार लागोपाठ वाजवून दाखवावा, अब्दुल करीम खाँ आणि क्लेमंट्स यांच्या श्रुतिपेटीचा वाद झाडीबोलीत, म्हणजे येथल्या बोलीत, मांडावा आणि नंतर मैदान श्रोत्यांना मोकळे ठेवावे. प्रश्न आधी लिहून मागवू नयेत, आणि नमाजाच्या वेळी ध्वनिक्षेपकाचे काय किंवा मिशनच्या शाळेत धर्म शिकवतात काय, असा अडचणीचा प्रश्न आला तर अध्यक्षांनी तो टाळू नये.