पुन्हा सायकलवर
(दहावी १९८४च्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझ्या आधी कोणी गाणं शिकल्याचं सांगितलं, कोणी हिमालयात जाऊन आल्याचं. माझ्याकडे सांगण्यासारखी एक सायकल आहे. बाई, घंटा व्हायच्या आत संपवतो.

शाळेमागचं सायकल स्टँड आठवतंय ना? एकीला धक्का लागला की अख्खी रांग आडवी व्हायची. त्या रांगेत वडिलांची बावीस इंची काळी सायकल असायची. मी तिच्यावर आधी दांडीखालून पाय घालून शिकलो, मग सीटवर बसलो. पुण्यात तेव्हा सगळेच सायकलवर होते, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. पुढे नोकरी लागली, स्कूटर आली आणि १९९३ साली मी ती सायकल भंगारात दिली. वडील काही बोलले नाहीत. फक्त तिची घंटा काढून त्यांनी कपाटात ठेवली.

वडिलांचा पाय शेवटी साखरेनं गेला, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. बावन्नाव्या वर्षी माझ्याही रिपोर्टात साखर निघाली, तेव्हा मला पहिला आठवला तो त्यांचा पाय. डॉक्टरांनी औषधं दिली आणि रोज अंग हलवायला सांगितलं. गुडघ्यामुळे पळणं जमत नव्हतं. म्हणून सायकल.

पहिली खरेदी फसली. "या वयात आरामशीर घ्या," असं ज्यानं त्यानं सांगितलं. मी पुढे-मागे शॉकअॅब्सॉर्बर असलेली, जाड टायरची, सतरा किलोची सायकल आणली. चढावर पायडल मारलं की सायकल पुढे जाण्याआधी खाली दबायची. जोर माझा आणि खर्च स्प्रिंगवर! दोन महिन्यांत ती बाल्कनीत गेली आणि सौ. तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागली.

वर्षभरानं मी अॅल्युमिनियमची रोड बाइक घ्यायची ठरवली. मित्र म्हणाले, "वेडा आहेस. ती कडक असते, पाठ मोडेल." घरातून प्रश्न आला, "आता हिच्यावर चादरी का?"

मी पेशानं मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणून जरा खोलात गेलो. अॅल्युमिनियम वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतं, पण त्याचा ताठपणाही साधारण एक तृतीयांशच. पोलादी सायकलीच्याच मापाची नळी अॅल्युमिनियमची केली, तर ती तिप्पट वाकेल. उपाय म्हणजे नळीचा व्यास वाढवायचा. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा आठपट. म्हणून या सायकलींच्या नळ्या एवढ्या जाडजूड दिसतात आणि तरीही हलक्या असतात. अमेरिकेतल्या कॅननडेल कंपनीनं अशा जाड नळ्यांची आपली पहिली सायकल बाजारात आणली १९८३ साली. आपण तेव्हा नववीतून दहावीत जात होतो आणि त्रिकोणमितीला घाबरत होतो.

पण मग पाठीचं काय? इथं लोकांची गफलत होते. फ्रेम कुठल्याही धातूची असो, तिचा त्रिकोण वरून येणाऱ्या धक्क्याला फारसा दबत नाही. दबतो तो टायर. जुन्या रोड बाइकना तेवीस मिलिमीटरचे टायर आणि शंभराच्या वर पौंड हवा असायची. हाडं खिळखिळी व्हायची ती त्यानं, आणि बदनाम झाली फ्रेम. मी अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर बसवून घेतले आणि पाऊणशे पौंड हवा ठेवली. हँडलपर्यंत फार वाकावं लागू नये म्हणून त्याचा जोड आखूड केला. पुढचा चिमटा कार्बनचा आहे. आराम फ्रेममध्ये न शोधता टायर आणि बैठक यांत शोधा, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर एका सायकलीचे पैसे वाचले असते.

गिअर मात्र हलके घ्या, मान खाली घालून घ्या. माझ्या पुढच्या लहान चक्राला चौतीस दात, मागच्या मोठ्यालाही चौतीस. म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. सिंहाचं काळीज नसलेल्यांसाठी ही सोय आहे.

दोष सांगायलाच हवेत. पूर्वी दांडी तडकली की गल्लीतला वेल्डर जोडून द्यायचा. अॅल्युमिनियमचं तसं होत नाही. वेल्डिंगनंतर त्याला भट्टीत तापवून पुन्हा बळ आणावं लागतं. शिवाय ते वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी थकतं. म्हणून मी दर रविवारी सायकल पुसतो आणि सांध्यांवर बोट फिरवून तडा बघतो. मोठा खड्डा दिसला की उतरतो. पुण्यात म्हणजे बऱ्याचदा उतरतो.

कात्रजचा जुना घाट पहिल्यांदा चढलो तेव्हा तीनदा थांबलो. चौथ्या महिन्यात न थांबता बोगद्यापाशी पोहोचलो. पायडलवर जेवढा जोर दिला, तेवढी सायकल पुढे गेली. मधे कोणी कमिशन खाल्लं नाही. मी बोगद्याच्या तोंडाशी कठड्यावर बसलो आणि कितीतरी वेळ माझ्या दोन पायांकडे बघत राहिलो.

साखर गेलेली नाही. ती आटोक्यात आहे, गोळ्या चालू आहेत. पण गेली चार वर्षं आठवड्यातून चार दिवस मी पहाटे बाहेर असतो.

नवी सायकल आणली त्या दिवशी कपाटातून वडिलांची घंटा काढली. बसवायला गेलो तर हँडलची नळी जाड, घंटेची पट्टी बसेना. मेकॅनिकनं आतून रबर लावून, लांब स्क्रू घालून ती बसवून दिली. दिसते विजोड, पण आवाज तोच आहे.

येत्या रविवारी सकाळी सहाला शाळेच्या फाटकापासून खडकवासल्याला जाणार आहे. कुठलीही सायकल आणा, घरात वाळत घातलेली असली तरी चालेल. फक्त निघण्याआधी हवा बघा आणि औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. सगळ्यांत मागे मी असेन. कोणाला एकट्याला मागे सोडणार नाही.