गोधडीचा गोट आणि मशीनचा फूट
(मासिक बैठकीत शिवणकाम गटांसमोर केलेलं बोलणं)



या महिन्यात गटांना भेटी देताना एकच प्रश्न तीन-चार गावांत ऐकला. "गोधडीला गोट लावायला कोणता फूट घ्यायचा?" एका गटानं तर फुटांचा अख्खा डबा गटाच्या पैशातून घ्यायचा ठराव लिहून ठेवलाय. सह्या व्हायच्या आधी जरा बोलू.

अडचण तुम्हाला माहीत आहेच. मधलं धावदोऱ्याचं काम सुरेख होतं, पण गोट लावताना पट्टीला चुण्या पडतात आणि शेवटाला पट्टी उरते. गिऱ्हाईक गोधडी हातात घेतं ते काठ धरूनच. काठ वाकडा दिसला की महिनाभराच्या मेहनतीचा भाव पडतो.

यात तुमच्या हाताचा दोष नाही. मशीनचे दाते फक्त खालचा थर पुढं ओढतात. वरची पट्टी फुटाखाली दाबून राहते, म्हणून मागं पडते. गोधडी जितकी जाड, तितकं हे जास्त.

आता फूट बघू.

साधा फूट: प्रत्येकीच्या मशीनवर आहेच. दोन-तीन थरांच्या दुपट्याला तो पुरतो. फक्त मशीनच्या डोक्यावरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा, टाका मोठा करा, १६ नंबरची सुई लावा. पट्टी आधी कच्च्या टाक्यानं बसवून घ्या.

गोट लावायचा बाइंडर फूट: यात पट्टी आपोआप दुमडली जाते. झबली, एप्रन, पिशवीच्या पातळ कापडाला चांगला. पण जाड गोधडी त्याच्या खाचेत मावत नाही आणि चौकोनी कोपऱ्यावर काम अडतं. गोधडीसाठी यावर पैसे घालू नका.

वॉकिंग फूट: याला स्वतःचे दाते असतात. त्याचा एक हात सुईच्या स्क्रूवर बसतो. सुई वर-खाली झाली की हे दाते वरचा थरही सरकवतात, त्यामुळं दोन्ही थर बरोबरीनं चालतात. जाड गोधडीला हाच कामाचा. मात्र मशीन हळू चालवायचं.

घेण्याआधी एक माप घ्या. फूट खाली टेकवा आणि मशीनच्या पत्र्यापासून फुटाच्या स्क्रूपर्यंत उंची मोजा. घरच्या पायमशीनवर ती बहुतेक अर्धा ते पाऊण इंच भरते. एक इंच किंवा जास्त भरली तर उंच दांड्याचा फूट लागतो. दुसरं, आपल्या काळ्या मशीनचे दाते अरुंद असतात आणि हा फूट रुंद असतो, म्हणून प्रत्येक मशीनवर तो सारखा चालेलच असं नाही. जुना फूट आणि गोधडीचा तुकडा दुकानात घेऊन जा. लावून बघा, नाहीतर बदलून द्यायचं कबूल करून घ्या.

कोपऱ्याला कुठलाच फूट मदत करत नाही. तिथं हातच लागतो. काठ पाव इंच उरला की थांबा, टाका पक्का करा, पट्टी तिरकी वर दुमडून परत खाली आणा आणि पुढची बाजू सुरू करा. सरळ काठाला सरळ पट्टी चालते. उरेप पट्टी गोल कोपऱ्यालाच लागते, उगाच कापड वाया घालवू नका. मागची बाजू हातानं हेम घातली तर गोट सर्वात नीट बसतो.

म्हणून ठरावाबद्दल माझं म्हणणं: डब्यातले बरेच फूट डब्यातच राहतील. गटात एकच वॉकिंग फूट घ्या. ज्यांची मशीनं एका मापाची आहेत त्यांनी पाळीपाळीनं वापरा आणि कोणाकडं आहे ते वहीत लिहा. उरलेल्या पैशांचा चांगला दोरा आणि सुया येतील.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं गोट लावलेला वीतभर तुकडा आणा, एक तरी कोपरा असलेला. तुकडे शेजारी ठेवून बघू, मग ठरावावर सह्या करा.