सिनेमा कोणाचा, गोष्ट कोणाची?

(नवीन जालना येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बियाण्यांच्या प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या बायांवर आपण वर्गणी काढून छोटी फिल्म करतो आहोत. मागच्या बैठकीत शेवटच्या पाटीवर अडलो. 'दिग्दर्शन' या शब्दापुढे माझं नाव घालायचं ठरत होतं, तेव्हा एका मावशींनी विचारलं, "बोलले मी, वावरात नेलं मी, मग पिच्चर तुझा कसा काय?" त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही.

दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा लेखक, हे मत १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या तरुण समीक्षकांनी मांडलं. फ्रान्स्वा त्रुफोचा १९५४ चा लेख त्यात विशेष गाजला. त्यात तथ्य आहेच. बाईचा चेहरा दाखवायचा की हात, तिचं कोणतं वाक्य ठेवायचं, कोणतं कापायचं, हे दिग्दर्शक ठरवतो. आपला कॉपीराइट कायदा मात्र चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात प्रमुख दिग्दर्शकालाही सहकर्ता मानायची तरतूद होती. २०१२ ला कायदा झाला तेव्हा ती गळली. निर्माता की दिग्दर्शक, एवढाच वाद. जिची गोष्ट, ती या वादात कुठेच नाही.

हंसा वाडकरांचं बघा. लहानपणापासून सिनेमात राबलेल्या या नटीने आपलं आयुष्य आडपडदा न ठेवता सांगितलं. शब्दांकन अरुण साधूंनी केलं. 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक १९७० साली आलं आणि १९७१ मध्ये त्या वारल्या. त्यावर आधारलेला 'भूमिका' १९७७ चा. पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक श्याम बेनेगल, गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे यांना मिळालं, अभिनयाचं स्मिता पाटीलला. सिनेमा चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आपण त्याला 'बेनेगलांचा भूमिका' म्हणतो. सांगणारी बाई मागे राहते.

'उंबरठा' (१९८२) तर आपल्या कामाचाच सिनेमा. जब्बार पटेल, विजय तेंडुलकर, स्मिता ही नावं तोंडपाठ असतात. तो ज्या 'बेघर' कादंबरीवरून निघाला, ती शांता निसळ यांची, हे किती जणींना आठवतं?

वेगळी वाटही आहे. समाजकार्य शिकवणाऱ्या सुमित्रा भावे वस्तीतल्या बाईची गोष्ट सांगण्यासाठी 'बाई' (१९८५) करत सिनेमात आल्या. पुढे 'दोघी' (१९९५) सारख्या चित्रपटांवर त्यांनी आणि सुनील सुकथनकरांनी दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावं लावली. म्हणजे कर्तेपण वाटून घेता येतं.

मग मावशींना काय सांगायचं? मला वाटतं, दिग्दर्शक निर्णयांची कर्ती असते. चूक झाली तर जबाबदारी माझी, म्हणून माझं नाव हवं. पण निर्णय माझे म्हणून गोष्ट माझी होत नाही. आपण केसपेपर लिहितो, अहवाल लिहितो, तिथेही बाईचं दुःख आपल्या सहीखाली जातं. ही सवय फिल्ममध्ये नको.

अडचण एवढीच, की मावशींचं नाव पाटीवर दिलं तर उद्या प्लॉटवरचं काम जाऊ शकतं. नाव देणं हा मान, पण रोजगाराचं काय? ते आपण परस्पर ठरवायचं नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा: फिल्म पूर्ण होण्याआधी त्या बायांना दाखवायची. ज्या दृश्याला त्या नको म्हणतील, ते काढायचं. नाव द्यायचं, टोपणनाव द्यायचं की नुसतं 'प्लॉटवरच्या बाया' म्हणायचं, हे जिचं तिने ठरवायचं. कायद्याने निर्माती आपली संघटना असेल, तेव्हा त्यांच्या संमतीशिवाय फिल्म कुठे द्यायची नाही, हे आजच्या ठरावात लिहून घेऊ.

मावशी आज आल्या आहेत. पहिलं मत त्यांचं घेऊ या.