फोटोतला डोंगर

श्रोतेहो, दसरा-दिवाळीच्या सुमारास सह्याद्रीच्या वाटा माणसांनी फुलून जातात. शाळा-कॉलेजांच्या सहली निघतात, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्येच कॅमेरा असतो. गड उतरेपर्यंत फोटोंची रास जमते. पण घरी आल्यावर ते दाखवताना आपण काय म्हणतो? “प्रत्यक्षात हा कडा खूप मोठा आहे बरं का!” म्हणजे जे दाखवायचे होते, नेमके तेच फोटोत उतरलेले नसते. असे का होते, आणि डोंगराचा चांगला फोटो म्हणायचे तरी कशाला, याचा आज थोडा विचार करू.

उदाहरणाला कळसूबाई घ्या. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. बारी गावातून वर जाणारी वाट आहे आणि अवघड जागी लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. मोबाईलचे भिंग आजूबाजूचे बरेच काही एकदम सामावून घेते. आपली नजर मात्र मनाला भावलेल्या कड्यावरच खिळलेली असते. म्हणून नजरेत भव्य असलेला कडा फोटोत बारीक होऊन बसतो. त्याला तोड सोपी आहे. ज्याचे माप सर्वांना ठाऊक असते अशी एखादी वस्तू फोटोत येऊ द्यावी. शिडीवर चढणारा माणूस, खडकाजवळचे गुरू, शिखरावरचे देऊळ, काहीही चालेल. माणूस बोटाएवढा दिसला की कड्याची उंची सांगावी लागत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. सह्याद्रीचा हा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. कठीण थरांचे कडे उभे राहिले, मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले, आणि डोंगराला पायऱ्या-पायऱ्यांचे रूप आले. या खडकाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही ‘जिना’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. या पायऱ्या दिसायच्या तर ऊन तिरपे पडायला हवे. दुपारी बाराला सूर्य माथ्यावर असताना सावल्या आखडतात आणि डोंगर भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा सपाट दिसतो. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर तोच डोंगर पाहा. प्रत्येक घळ, प्रत्येक सोंड सावलीने उठून दिसते.

तिसरी गोष्ट हवेची. कळसूबाईच्या माथ्यावरून पश्चिमेकडे पाहिले तर अलंग, मदन आणि कुलंग हे गड दिसतात. जवळची धार गडद, तिच्यामागची फिकट, त्यामागची निळसर. दूरच्या डोंगराकडून येणाऱ्या प्रकाशात वाटेतल्या हवेत विखुरलेला प्रकाश मिसळतो, म्हणून असे होते. फोटोला खोली येते ती याच फिकट होत जाण्यामुळे. पावसाने हवा धुऊन निघालेली असते तेव्हा, म्हणजे पावसाळा सरता सरता, हे उत्तम दिसते. उन्हाळ्यात धूळ आणि वणव्यांचा धूर आड येतो.

एक मात्र सांगून ठेवतो. मोबाईलच्या काचेकडे पाहत मागे सरकू नका. फोटो घ्यायचा तो दोन्ही पाय घट्ट रोवून आणि कड्याच्या टोकापासून दूर उभे राहून. शिक्षकांनी तर मुलांना हा नियम गड चढण्याआधीच सांगावा.

हे झाले सहलीला जाणाऱ्याचे. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण त्याला शोभते. पण श्रोतेहो, आपल्यातले कितीतरी जण डोंगराच्या कुशीतच राहतात. त्यांना डोंगराचा फोटो कशासाठी हवा?

जर्मन गणिती सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्समधल्या हिमनद्यांचे फोटो ठरावीक जागांवरून घ्यायला सुरुवात केली. काही वर्षांनी पुन्हा त्याच जागी उभे राहून फोटो घेतला की हिमनदी किती हलली, किती आटली, ते कळते. ही युक्ती आपल्या गावच्या शाळेलाही जमण्यासारखी आहे. पुलाचा कठडा किंवा देवळाचा ओटा अशी एक जागा ठरवा. तिथून गावामागच्या डोंगराचा फोटो वर्षातून दोनदा घ्या, एक पावसाळ्यापूर्वी आणि एक पावसाळ्यानंतर. तारीख आणि जागा वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांचे फोटो शेजारी-शेजारी मांडले की झाडी कुठे विरळ झाली, उतार कुठे खणला गेला, झाडे कुठे कलली आणि मातीला भेग कुठे पडली, ते मुलांनाच दिसेल. भूगोलाचा याहून चांगला धडा कुठला?

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. ही बातमी बाहेर गेली ती एस.टी.च्या चालकामुळे. तो फेरी घेऊन आला, आणि जिथे गाव असायचे तिथे त्याला चिखल दिसला. ओळखीचे चित्र डोळ्यांत पक्के होते, म्हणून बदल तत्काळ ध्यानात आला. पण तोवर फार उशीर झाला होता.

फोटो काढल्याने दरड थांबत नाही, हे खरे. परंतु नवी भेग किंवा कललेली झाडे फोटोत दिसली, तर ग्रामपंचायतीपुढे आणि तहसीलदारांपुढे तोंडी तक्रारीऐवजी तारखेसह पुरावा ठेवता येतो. जाणकार माणूस वेळेवर बोलावता येतो.

तेव्हा यंदा सहलीला जाल तेव्हा तिरप्या उन्हात, माणसाच्या मापासह डोंगराचा फोटो अवश्य घ्या. आणि घरी परतल्यावर आपल्या दारामागच्या डोंगराचाही एक घ्या. त्याची तारीख तेवढी लिहून ठेवा.