पाठवले म्हणजे पोचले का?



संगणकाच्या जाळ्यातून माहिती लहान लहान पॅकेट्समधून जाते आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो. पॅकेट बांधून कार्डाच्या हवाली करण्याचे काम संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल करतो. लिनक्सचा कर्नल सर्वांना खुला असल्याने त्यात आपण लिहिलेले मॉड्यूल जोडता येते. मात्र तिथे चूक झाली तर अख्खा संगणक ठप्प होऊ शकतो.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना हा विषय शिकवतो. दोन विद्यार्थिनींनी असे मॉड्यूल लिहिले होते. यूडीपी पद्धतीने पॅकेट दुसऱ्या संगणकाच्या ५००० क्रमांकाच्या पोर्टवर पाठवायचे, एवढेच काम. पाठवणारा संगणक ‘गेले’ म्हणून मोजत होता, पण पलीकडच्या प्रोग्रॅमला काहीच मिळत नव्हते. ‘‘सर, कार्डच खराब आहे,’’ असे त्यांचे मत पडले. केबलही बदलून झाली होती.

अशा वेळी कोडमध्ये हात घालण्याची घाई करू नये. पॅकेट कुठपर्यंत पोचले, हे आधी पाहावे. त्यासाठी टीसीपीडम्प नावाचे साधन आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास ते तयार झाले. आम्ही ते पलीकडच्या संगणकावर लावले. पॅकेट्स व्यवस्थित येत होती! म्हणजे कार्ड आणि केबल दोन्ही निर्दोष. पण पोर्टचा क्रमांक दिसत होता ३४८३५.

हा आकडा आला कुठून? ५००० दोन बाइटमध्ये लिहायचे तर थोरला बाइट १९ आणि धाकटा १३६. कारण १९ गुणिले २५६ अधिक १३६ म्हणजे ५०००. इंटेलचा प्रोसेसर धाकटा बाइट आधी ठेवतो. जाळ्यावर मात्र थोरला आधी पाठवण्याचा नियम आहे. अदलाबदल केली नाही, तर १३६ गुणिले २५६ अधिक १९, म्हणजे ३४८३५ होतात. अदलाबदलीसाठी कर्नलमध्ये एचटॉन्स हे तयार फंक्शन आहे. मुलींनी ते घातले आणि पॅकेट्स योग्य पोर्टवर पोचू लागली.

विशेष म्हणजे, ‘या पोर्टवर कोणी नाही’ असा निरोप पलीकडचा संगणक सतत परत पाठवत होता. त्यासाठी आयसीएमपी नावाची सोय आहे. पण मॉड्यूल तो निरोप वाचतच नव्हते.

यूडीपी पोचपावती देत नाही, टीसीपी देते. म्हणून ‘गेले’ हा आकडा वाचताना तो कोणत्या टप्प्यावर मोजला आहे, हे विचारावे. रुग्णालयातल्या यंत्राचे आकडे परिचारिकेपर्यंत न्यायचे असतील, तर हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.